कानाने बेस गिटार वाजवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हातात बेस आहे, कुठल्या तारेवर काय वाजतं हे साधारण माहीत आहे, आणि आता कुणीतरी "ये की आमच्याबरोबर वाजवायला" म्हणालंय, अशांसाठी हे प्रश्न. समोर कागद नसेल, कॉर्ड कुणी सांगेलच असं नाही, गाणं मात्र सुरू होईल. खाली सुरांची नावं सरगममध्ये दिली आहेत. सा म्हणजे त्या त्या गाण्याचा सा. तो कुठेही असू शकतो. उदाहरणं चार तारांच्या, नेहमीच्या ई-ए-डी-जी ट्यूनिंगची आहेत.

मला स्वरलिपी वाचता येत नाही. चालेल का?

चालेल. स्टुअर्ट सटक्लिफ १९६१ मध्ये बीटल्समधून बाहेर पडले आणि बेस पॉल मॅकार्टनींकडे आला. स्वरलिपी वाचता येत नाही हे मॅकार्टनींनी स्वतःच सांगितलेलं आहे. याचा अर्थ वाचन निरुपयोगी असा मात्र नाही. रंगमंचावरच्या संगीतिका किंवा घाईचं रेकॉर्डिंग असेल तर कागद समोर येतो आणि तो लगेच वाजवावा लागतो. चार मित्रांत गाणी बसवायची असतील तर आधी कान, मग कागद.

पण माझा कान तयार नाही. सूर ऐकून "हा एफ शार्प" असं सांगता येत नाही.

त्याची गरजच नाही. ती देणगी फार थोड्यांकडे असते आणि ती नसलेलेच बहुतेक लोक बेस वाजवतात. बेसला हवं असतं ते अंतर ओळखणं: आत्ता वाजतोय तो सूर सा पासून किती लांब आहे, आणि तो वर गेला की खाली.

एक चाचणी करून बघा. पाठ असलेलं कुठलंही गाणं गुणगुणा, ओळीच्या मधेच थांबा, आणि ते गाणं शेवटी ज्या सुरावर येऊन विसावतं तो सूर तोंडाने म्हणा. बहुतेकांना हे जमतं, आणि जमल्याचं त्यांनाच नवल वाटतं. म्हणजे कान आहे. राहिलं ते एवढंच की कानाला कळलेलं बोटांपर्यंत वेळेत पोचायला हवं.

गाणं सुरू झालं. पट्टी कशी शोधायची?

आधी विचारा. लाजू नका. कुणी "जी मध्ये" म्हणेल, कुणी "काळी एक" म्हणेल. काळी एक म्हणजे सी शार्प, बेसवर ए तारेचा चौथा फ्रेट.

विचारायला वेळ नसेल तर बेसचा व्हॉल्यूम अगदी कमी करा, इतका की फक्त तुम्हाला ऐकू यावं. ई तार मोकळी छेडा आणि एकेक फ्रेट वर सरकत जा. सूर बाराच आहेत, तेरावा कुठून येणार नाही. त्यातले बरेचसे लगेच टोचतील. दोन-तीन मात्र असे निघतील की गाण्यात कुठेही वाजवले तरी खपून जातात. सा त्यांच्यातलाच एक.

आता यातला सा कुठला? इथे नवशिका हमखास फसतो, कारण प सुद्धा सा सारखाच निवांत वाटतो. तुम्हाला सा वाटतोय त्या सुरावर थांबा आणि मग लगतच्या बारीक तारेवर तोच फ्रेट वाजवा. तो दुसरा सूर ऐकून "हां, आलो घरी" असं वाटलं, तर पहिला सूर प होता आणि खरा सा हा दुसरा. उलट दुसऱ्या सुरावर गेल्यावर पुन्हा मागे यावंसं वाटलं, तर पहिलाच सा.

गाण्याची पहिली कॉर्ड म्हणजेच पट्टी, असं धरून चालू नका. दुसऱ्याच कॉर्डवर सुरू होऊन मुखड्याच्या शेवटी सा वर उतरणारी गाणी भरपूर आहेत. गायक ओळ संपवून श्वास घेतो ती जागा जास्त भरवशाची.

सा सापडला की ग तपासा. सा पासून त्याच तारेवर चार फ्रेट वर शुद्ध ग, तीन फ्रेट वर कोमल ग. जो शोभेल त्यावरून गाणं मेजर की मायनर हे कळतं, आणि तेवढ्यावर पहिला अंतरा निभावतो.

सा मिळाल्यावर बाकीचे सूर कुठे असतात?

बेसची ही सोय गिटारवाल्यांनी हेवा करावा अशी आहे. लगतच्या कुठल्याही दोन तारांमधलं अंतर सारखंच असतं, त्यामुळे एकदा हाताला बसलेला आकार उचलून दुसरीकडे ठेवला तरी तो तसाच राहतो.

सा ई तारेवर असेल तर म त्याच फ्रेटवर ए तारेला. प त्याच्या दोन फ्रेट वर, ए तारेलाच. वरचा सा डी तारेवर, दोन फ्रेट वर. रे मूळ तारेवरच दोन फ्रेट वर. ध साठी डी तारेवर या आणि सा च्या फ्रेटपेक्षा एक फ्रेट मागे जा. सा ए तारेवर असेल तर त्याच फ्रेटला ई तारेवर खालचा प आयता मिळतो. तो वाजला की गाणं जमिनीला टेकल्यासारखं वाटतं. सा, म, प आणि ध या चार जागा डोळे मिटून सापडायला लागल्या की असंख्य गाण्यांना तेवढं पुरतं.

कॉर्ड कधी बदलते आणि कुठे जाते, हे आधी कसं कळायचं?

सगळी मेख इथे आहे. बदल झाल्यावर ऐकून मागून पोचणारा बेस कायम अर्धी मात्रा उशिरा असतो. बदल व्हायच्या आत बोट तिथे असायला हवं. त्यासाठी दोन गोष्टी एकदम चालू ठेवायच्या: डोळ्यांनी गिटारवाल्याचा डावा हात बघायचा, आणि कानांनी गाण्याची सवय ओळखायची.

हाताचं आधी. गिटारच्या जाड चार तारा म्हणजे बेसच्याच तारा, एक सप्तक वर. त्यामुळे गिटारवाल्याचं बोट जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर गेलं तर जी, त्याच्या पातळ बाजूच्या शेजारच्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर गेलं तर सी. बेसवरही अगदी तीच जागा. सी, ए मायनर, जी, डी आणि ई मायनर या मोकळ्या कॉर्डचे आकार लांबून ओळखता येणं ही निम्मी लढाई. तुम्ही गिटार वाजवत नसाल तरी हे आकार शिकून घ्या, गिटारवाला पाच मिनिटांत दाखवेल.

कॅपो, म्हणजे गिटारच्या सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा, लावलेला असेल तर सावध. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो असताना हाताचा आकार जी चा दिसेल, पण वाजेल ए. कॅपोच्या फ्रेटचा आकडा मनात ठेवून तेवढे फ्रेट वर जा.

आता सवय. समजा गिटारवर चार कॉर्ड फिरताहेत: जी, ई मायनर, सी, डी. सरगममध्ये हे सा, ध, म, प झालं. बेसवर ई तारेचा तिसरा फ्रेट, मग ई मोकळी, मग ए तारेचा तिसरा, मग ए तारेचा पाचवा. हाच फेरा उद्या गायकाच्या सोयीसाठी ए मध्ये गेला तर जी-ई-सी-डी पाठ केलेला माणूस अडतो. सा-ध-म-प ऐकलेला माणूस ई तारेच्या पाचव्या फ्रेटवर सा धरतो आणि पुढे चालू लागतो. नॅशव्हिलच्या स्टुडिओंमध्ये १९५० च्या दशकाअखेरीस नील मॅथ्यूज यांनी याच कामासाठी आकडे वापरायला सुरुवात केली, सा ला १, म ला ४, प ला ५ असे. आपल्याकडे सरगम लहानपणापासून कानावर असते, तेव्हा तीच वापरावी.

म्हणून फेरे ऐका. प वर थांबलेली कॉर्ड बहुधा सा कडे जाणार. सा ला कोमल नी येऊन मिळाला आणि कॉर्ड अस्वस्थ वाटायला लागली तर पुढे म येतोय. बारा मात्रागटांच्या ब्लूजमध्ये पहिले चार गट सा वर, मग दोन म वर, दोन पुन्हा सा वर, आणि शेवटच्या चारांत प कडून घरी येणं. हा साचा एकदा रक्तात भिनला की जगात कुठेही अनोळखी लोकांत उभं राहून वाजवता येतं.

कॉर्ड पकडताच आली नाही तर काय वाजवू?

काहीच नाही. किंवा सा, अगदी हळू.

सूर चुकला तर?

चुकीचा सूर बहुतेक वेळा बरोबर सुरापासून एकाच फ्रेटवर असतो. तिथून पटकन सरकलात तर ऐकणाऱ्याला ती मुद्दाम घेतलेली घसीट वाटते. दचकून थांबलात, चेहरा वाकडा केलात, तर मात्र सगळ्यांना कळतं.

खरा घोळ घालते ती दुसऱ्या प्रकारची चूक, जी चूक म्हणून कानाला कळतच नाही. गिटारवर सी मेजर वाजतेय आणि तुम्ही खाली ए धरलात. काही टोचत नाही, उलट गोडच लागतं. पण ऐकणाऱ्याला आता सी मेजर नाही, ए मायनर सेव्हन ऐकू येते आणि उजळ गाणं उदास होतं. खाली ई धरलात तरी कॉर्ड सी चीच राहते, पण अधांतरी, पुढे कुठेतरी निघाल्यासारखी होते. वरच्या चौघांनी काहीही वाजवलं तरी कॉर्ड कशी ऐकू येते हे शेवटी सर्वांत खालचा सूर ठरवतो, आणि तो तुमच्या हातात आहे. म्हणून नव्या गाण्यात आधी रूट, म्हणजे कॉर्डच्या नावाचाच सूर. रंग बदलायचे प्रयोग गाणं बसल्यावर, आणि इतरांना सांगून.

रेकॉर्डिंगमधला बेस मला ऐकूच येत नाही.

फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर दोष कानाचा नाही. मोकळी ई तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, ए ५५, डी ७३ आणि जी ९८ वेळा. एवढा खर्ज फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून जवळजवळ बाहेरच पडत नाही. तरीही थोडाफार बेस ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण त्या सुराचे वरचे उपस्वर पोचतात आणि त्यांच्यावरून मेंदू मूळ सूर भरून काढतो. ओळख पटवायला हे ठीक; नेमका फ्रेट शोधायला फसवं.

कानावर बसणारे हेडफोन घ्या. तरी गढूळ वाटलं तर सॉफ्टवेअरमध्ये गाणं एक सप्तक वर चढवा; बेस एकदम गिटारच्या पट्ट्यात येतो आणि चाल उघडी पडते. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे होतं. त्यातच सूर न बदलता गती कमी करता येते.

मग लगेच बेस हातात घेऊ नका. आधी ती चाल तोंडाने म्हणा. म्हणता येत नाही तोवर बोटं फक्त चाचपडत राहतात आणि चार प्रयत्नांनी जे "जवळपास" बसेल तेच बरोबर मानून मोकळी होतात.

टॅब बघितल्या तर चालतं का?

टॅब म्हणजे कुठल्या तारेवर कुठला फ्रेट हे आकड्यांत लिहिलेलं गाणं. स्वतः शोधून झाल्यावर ताडून बघायला, हो. आधी बघितल्या तर ते गाणं येईल, पुढचं येणार नाही. शिवाय इंटरनेटवरच्या टॅब कुणीतरी कानानेच उतरवलेल्या असतात, आणि त्याचा कान तुमच्याहून बरा असेलच असं नाही.

ड्रमरबरोबर जमवायचं म्हणजे नक्की काय करायचं?

किक ड्रम ऐकायचा. पायाने वाजतो तो, सर्वांत खालचा ठोका. पहिल्या फेरीत तुमचा प्रत्येक सूर किकवरच पडू द्या, बाकी काही नको. किक आणि बेस एकाच क्षणी पडले की दोन वेगळे आवाज ऐकू येत नाहीत, एकच जाड आवाज येतो. तो आला की जमलं. दोन आवाज अगदी किंचित सुटे ऐकू आले तर कुणीतरी पुढे पळतंय, आणि नवीन असाल तर बहुधा तुम्हीच.

सूर कधी सुरू होतो याकडे सगळे लक्ष देतात. तो कधी संपतो याकडे फार कमी जण. हे करून बघा: ड्रमर साधा ठेका धरून आहे, तुम्ही किकवर सूर लावलात. आता स्नेअरचा (काठीने वाजतो तो कडक आवाजाचा ड्रम) ठोका पडायच्या क्षणी डाव्या हाताचं बोट सैल करा, तारेवरून उचलू नका, नुसता दाब काढा. सूर कापला जातो आणि स्नेअरला मोकळी जागा मिळते. पुढच्या फेरीत तोच सूर स्नेअरच्याही पुढे वाजत ठेवा. सूर तोच, फ्रेट तोच, पण पहिल्या फेरीत पाय हलतो आणि दुसरीत गाणं पसरतं. कुठलं हवं ते गाण्यावर अवलंबून, पण निवड तुमची असावी, विसरलेल्या बोटाची नको.

न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवणंही यातच येतं. ए तारेवर वाजवताना ई तार घुमत राहिली तर सगळ्या बँडचा आवाज चिखल होतो आणि दोष कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही. उजव्या हाताचा अंगठा ई तारेवर टेकवून ठेवायची सवय लावा.

बोटांनी वाजवू की पिकने?

जे हाताला येईल ते. मोटाउनच्या अनेक गाण्यांवर वाजवणारे जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने तार छेडत. गिटारकडून बेसकडे आलेल्या कॅरल के पिकने वाजवत. हा वाद वेळ घालवण्यासाठी उत्तम.

घरी एकट्याने काय सराव करावा?

रोज एक अनोळखी गाणं लावा आणि त्याच्याबरोबर न थांबता शेवटपर्यंत वाजवा. गाणं मागे नेऊन चूक दुरुस्त करायची नाही, कारण माणसांबरोबर वाजवताना मागे नेता येत नाही. दुसऱ्यांदा लावलं तर पूर्ण पहिल्यापासून. फक्त रूट सापडले तरी खूप झालं.

याच्या जोडीला एक संथ काम. एका सुराचा अखंड आवाज लावून ठेवा, तंबोरा ॲप असेल तर उत्तम, आणि त्यावर एकेक सूर आधी गाऊन मग बेसवर वाजवा. रे, ग, कोमल ग, म. प्रत्येक सूर सा शी कसा वागतो हे कानाला मुरू द्या. कंटाळवाणं आहे, फायदा मात्र पुढच्याच बैठकीत दिसतो.

सोबतचे सगळे माझ्यापेक्षा चांगले वाजवतात. जाऊ का?

जा. बेस साधा वाजला तर कुणी तक्रार करत नाही. सुरुवातीलाच तीन गोष्टी विचारून घ्या: पट्टी कुठली, सुरुवात कोण करणार, आणि शेवट कसा आहे. शेवट सर्वांत महत्त्वाचा. सगळे थांबल्यावर एकटाच वाजत राहिलेला बेस हॉलच्या मागच्या रांगेतही ऐकू जातो. ठरलं नसेल तर शेवटच्या मुखड्यापासून ड्रमर आणि गायक यांच्याकडे बघत राहा. गायक वळून मागे बघायला लागला की शेवट जवळ आलाय.

बोटांच्या खुणा चालत असतील तर त्यांचा अर्थ आधी विचारा. कुठे चार बोटं म्हणजे म ची कॉर्ड, तर जॅझवाल्यांमध्ये वर-खाली दाखवलेली बोटं पट्टीतल्या शार्प-फ्लॅटची संख्या सांगतात.

सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट सोबत असतील तर बी फ्लॅट, ई फ्लॅट अशा पट्ट्यांची तयारी ठेवा. गिटारवाल्यांच्या आवडत्या ई आणि ए ला ती मंडळी नाक मुरडतात. ई फ्लॅट मध्ये सा ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर घ्या, कारण त्याच्याखालचा ई फ्लॅट चार तारांच्या बेसवर मिळतच नाही.

ट्यून केलेलं असूनही रेकॉर्डिंगबरोबर सूर जुळत नाही. का?

बरेच बँड सगळी वाद्यं अर्धा सूर उतरवून वाजवतात. आणि टेपवरच्या जुन्या रेकॉर्डिंगची गती किंचित इकडेतिकडे झाली की गाणं दोन फ्रेटच्या मधेच कुठेतरी अडकतं. तेव्हा ट्यूनर बाजूला ठेवा, गाण्यातला सा ऐकून एक तार त्याला मिळवा आणि बाकीच्या तारा तिच्यावरून. जाड तारेचा पाचव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, फ्रेटच्या वर नुसतं बोट टेकवून छेडल्यावर येणारा घंटेसारखा सूर) आणि पुढच्या तारेचा सातव्या फ्रेटवरचा हार्मोनिक एकत्र वाजवा. आवाजात लाटा येत असतील तर तारा जुळलेल्या नाहीत. लाटा मंदावत जाऊन थांबल्या की जुळल्या.

पाच तारांचा किंवा बिनफ्रेटचा बेस घेऊ का?

इतक्यात नको. पाचवी तार खाली बी पर्यंत नेते आणि तो सूर कानाने ओळखणं आणखी अवघड. १९५१ मध्ये आलेल्या फेंडर प्रिसिजन बेसने फ्रेट दिले तेच मुळी बोट नेमकं कुठे पडेल ही काळजी मिटावी म्हणून. ती काळजी नंतर हौसेने परत घेता येईल.

सरावाच्या खोलीत मला माझाच आवाज ऐकू येत नाही, म्हणून मी वाढवतो, मग सगळेच वाढवतात.

अँप जमिनीवर असतो आणि आवाज तुमच्या गुडघ्यांवर आदळतो. कान वर कुठेतरी. अँप खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा, म्हणजे तोंड तुमच्या कानाकडे येईल. मग खर्ज थोडा कमी करा आणि मधला पट्टा वाढवा. एकट्याने ऐकलं तर हा आवाज पातळ वाटेल, पण बँडमध्ये ऐकू येतो तो मधलाच पट्टा. खोलीत जागा बदलली की खर्ज कमी-जास्त होतो, कोपऱ्यात तर तो फुगतोच, तेव्हा अँप कोपऱ्यातून बाहेर काढा.

आणि इअरप्लग वापरा. अमेरिकेच्या 'नायॉश' संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास, आणि बंद खोलीत ड्रम वाजत असताना ९४ सहज ओलांडले जातात. संगीतासाठी बनवलेले प्लग सगळे पट्टे जवळपास सारखेच कमी करतात, त्यामुळे गोंगाटात हरवलेले कॉर्डचे बदल उलट स्पष्ट ऐकू येतात.

व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवता येईल का?

नाही. आवाज पोचायला लागणारा उशीर ठेक्याला पुरून उरतो. त्यापेक्षा ड्रमरने आपला भाग रेकॉर्ड करून पाठवावा, तुम्ही त्यावर बेस वाजवून गिटारवाल्याकडे द्यावा.